क्रोन्सच्या आजारात काढा कुठवर चालतो?

मुंबईत पावसाची पहिली मोठी सर येऊन गेली की चौपाटीवर आणि स्टेशनांबाहेर कोळशावर कणसं भाजायला लागतात. लिंबू-तिखट चोळलेलं एक कणीस निरोगी आतड्याला सहज झेपतं. पण ज्याच्या लहान आतड्याचं शेवटचं टोक क्रोन्सच्या आजाराने आखडलं आहे, त्याला ते मध्यरात्री हॉस्पिटलात नेऊ शकतं. मक्याच्या दाण्याचं साल माणसाला पचत नाही. नीट न चावलेले दाणे आहेत तसे खाली सरकतात, आणि जिथे दोन-अडीच सेंटिमीटरची वाट पाच-सहा मिलिमीटरवर आलेली असते तिथे एकामागे एक तुंबतात. मग जेवणानंतर तासा-दोन तासांनी बेंबीभोवती पीळ पडल्यासारखी कळ येते, पोटात गुडगुडतं, फुगारा धरतो आणि शेवटी उलटी होते.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतडं जिथे मोठ्याला मिळतं ती जागा त्याची सर्वात आवडती. आतड्याची सूज इथे आतल्या अस्तरापुरती थांबत नाही, भिंतीच्या संपूर्ण जाडीत उतरते. गुंतागुंत तिथूनच सुरू होते. भिंत वर्षानुवर्षं सुजत आणि भरत राहिली की व्रण घट्ट होतो आणि नळी अरुंद होते, त्याला स्ट्रिक्चर म्हणतात. सूज भिंत पोखरून पलीकडे गेली की दुसऱ्या आतड्यात, मूत्राशयात किंवा त्वचेवर वाट फुटते, तो फिस्टुला. वाटेत पू साचला तर गळू.

घरगुती उपायांचा विचार करताना म्हणूनच पहिला प्रश्न असा विचारावा: माझ्या आतड्यात आत्ता नुसती सूज आहे, की बांधणीच बदलली आहे? सूज उतरवण्याचा दावा करणारी वनस्पती एक वेळ तपासून पाहता येईल. पण जुना, कडक झालेला व्रण कोणत्याही काढ्याने सैल होत नाही. गोळ्या-इंजेक्शनांनीही होत नाही. एमआर किंवा सीटी एन्टेरोग्राफीत, म्हणजे लहान आतड्याच्या खास स्कॅनमध्ये, स्ट्रिक्चरची लांबी आणि त्यातल्या सुजेचं प्रमाण कळतं. सूज जास्त असेल तर औषधं कामाला येतात. व्रणच असेल आणि लांबी पाच सेंटिमीटरच्या आत असेल तर एन्डोस्कोपीतून फुगा घालून वाट रुंद करता येते. त्याहून लांब किंवा वळणावर असेल तर शस्त्रक्रिया.

अशा माणसाला कोणीतरी हमखास सांगतं, 'पोट साफ होत नाही ना, मग रात्री इसबगोल घे.' इसबगोलाचा भुसा पाण्यात अनेक पट फुगतो आणि त्याचा गोळा तयार होतो. अरुंद नळीच्या तोंडाशी तोच गोळा बूच बनतो. एरंडेल आणि सोनामुखीचं दुखणं वेगळं: पुढे वाट नसताना ती मागच्या आतड्याला जोराने पिळायला लावतात. स्ट्रिक्चर असेल तर गवार, शेवग्याच्या शेंगा, न सोललेले चणे, सुक्या खोबऱ्याचे तुकडे, संत्र्याच्या फोडीवरची साल हे सगळं बाजूला ठेवावं. दुधी, लाल भोपळा, सोललेलं गाजर कुकरला मऊ शिजवून घोटावं, डाळ गाळून घ्यावी, भात गिचका करावा. ही तजवीज वाट मोकळी होईपर्यंतची आहे. स्ट्रिक्चर नसलेल्या रुग्णाने भाज्या-फळं सोडण्याचं कारण नाही.

आता हळद. तिच्यातलं कर्क्युमिन हा घटक अल्सरेटिव्ह कोलायटिस या भावंड-आजारात नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिला तेव्हा काही चाचण्यांत उपयोग दिसला, आणि तीच बातमी फिरत फिरत क्रोन्सच्या रुग्णापर्यंत येते. क्रोन्समध्ये शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून फ्रान्समध्ये रोज ३ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, २०२० मध्ये निकाल आला: बिनऔषधी गोळीपेक्षा ते सरस ठरलं नाही. शिवाय हळदीत कर्क्युमिन असतं साधारण ३ टक्के. म्हणजे त्या मात्रेसाठी रोज शंभरेक ग्रॅम हळद लागेल. दुधात चमचाभर घालून ते होत नाही. शल्लकीची, म्हणजे सालईच्या डिंकाची, सुरुवात चांगली झाली होती, पण आजार शांत ठेवण्यासाठी जर्मनीत वर्षभर देऊन पाहिली तेव्हा तिचाही फरक पडला नाही. रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ दिलेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून सातशेहून अधिक रुग्ण होते, २००८ साली त्यांचाही निकाल नकारार्थी आला.

'पण अमक्याला गुण आला' हेही खोटं नसतं. क्रोन्स आपणहून चढतो-उतरतो. औषधांच्या चाचण्यांत नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांपैकी साधारण पाचातल्या एकाचा आजार काही काळ शांत होतो. धोका असा की जुलाब थांबले, भूक लागली, तरी भिंतीतली सूज चालूच असू शकते. म्हणून बरं वाटण्याच्या जोडीला शौचातलं कॅलप्रोटेक्टिन, म्हणजे आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन, मोजायचं. ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर उत्तम, २५०च्या वर असेल तर तक्रार नसली तरी आत काहीतरी चालू आहे असं धरून तपास करायचा.

भगंदराचा, म्हणजे गुदद्वाराजवळच्या त्वचेवर फुटणाऱ्या फिस्टुलाचा, विषय नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे आयुर्वेदाकडे खरोखर एक कसोटीला उतरलेला उपाय आहे आणि क्रोन्समध्ये नेमका तोच उलटू शकतो. क्षारसूत्र म्हणजे सुती दोरा, ज्यावर स्नुही म्हणजे निवडुंगाच्या चिकाची ११, चीक आणि आघाड्याच्या क्षाराची ७, आणि चीक-हळदीची ३ अशी एकवीस पुटं चढवलेली असतात. तो भगंदराच्या वाटेतून ओवून बांधतात आणि दर आठवड्याला बदलतात. दोरा आतलं मांस हळूहळू, आठवड्याला सेंटिमीटरच्या आसपास, कापत बाहेर येतो आणि मागची जागा भरत जाते. साध्या भगंदरात १९९१ सालच्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या चाचणीत जखम भरायला शस्त्रक्रियेपेक्षा दुप्पट वेळ लागला, पण आजार परत येण्याचं प्रमाण ४ टक्के होतं, शस्त्रक्रियेत ११.

क्रोन्सच्या भगंदरातही डॉक्टर दोराच घालतात. पण तो सैल असतो, सिलिकॉनचा किंवा रेशमाचा, त्याला सेटॉन म्हणतात. त्याचं काम कापणं नाही, वाट उघडी ठेवून पू बाहेर येऊ देणं एवढंच. क्रोन्समध्ये वाटा अनेक असतात, त्या शौच रोखणाऱ्या स्नायूंमधून जातात आणि खालचं आतडं सुजलेलं असेल तर कापलेली जागा भरत नाही. कापणाऱ्या दोऱ्याने स्नायू गेला की शौचावरचा ताबा जातो, आणि तो परत आणणं फार अवघड असतं. म्हणून भगंदरासोबत जुलाब, वजन घटणं, तोंडात वारंवार व्रण, रक्त कमी असणं यातलं काही असेल, किंवा एकाहून जास्त छिद्रं असतील, तर कोणताही दोरा बांधण्याआधी कोलोनोस्कोपी आणि ओटीपोटाचा एमआरआय करून घ्यावा. क्रम असा: आधी पू काढायचा, सैल सेटॉन घालायचा, मग इन्फ्लिक्झिमॅबसारखं बायॉलॉजिक, म्हणजे सूज घडवणारा घटक अडवणारं इंजेक्शन, सुरू करायचं. पू आत असताना स्टिरॉइड दिलं तर तो पसरतो. ही चूक अॅलोपॅथीच्या गोळ्यांनीही तितकीच होते.

प्रतिकारशक्ती वाढवण्याच्या नावाखाली गुळवेल घेऊ नये, हे आम्ही ठामपणे सांगतो. क्रोन्समध्ये प्रतिकारयंत्रणा आधीच स्वतःच्या आतड्यावर उठलेली असते, तिला आणखी चेतवण्यात अर्थ नाही. २०२०च्या अखेरीस मुंबईतच गुळवेलीनंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले आणि त्यांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. अॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असेल तर यकृत बिघडलं कशामुळे, गोळीने की काढ्याने, हेच कळेनासं होतं आणि कामाची गोळी बंद करावी लागते. रसकल्प आणि भस्मांबाबत, म्हणजे पारा-धातूंपासून केलेल्या औषधांबाबत, वेगळी काळजी: अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. शिशाने पोटात कळा येतात आणि मलावरोध होतो, म्हणजे थेट स्ट्रिक्चरसारखंच.

आहार मात्र या आजारात खरोखर औषध ठरतो, तोही मोजूनमापून दिल्यावर. लहान मुलांमध्ये सहा ते आठ आठवडे फक्त द्रवरूप संपूर्ण पोषणाहार, दुसरं अन्न काहीही नाही, एवढ्यावर स्टिरॉइडइतकीच सूज उतरते आणि वाढही खुंटत नाही. याउलट आतड्याचं टोक कापलेल्या रुग्णाला दही-ताकातून बी-१२ मिळेल ही आशा फोल आहे, कारण ते शोषून घेणारी जागाच गेलेली असते. वीस सेंटिमीटरहून जास्त भाग काढला असेल तर बी-१२ तपासत राहावं, बहुतेकांना महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन लागतं. अशांनी उद्यानांबाहेर मिळणारे पालक-बीटचे रसही टाळावेत. न शोषलेली चरबी कॅल्शियमला धरून ठेवते, ऑक्झॅलेट मोकळं राहून रक्तात जातं आणि मूत्रपिंडात खडे होतात.

मुंबईत क्षयरोगाचा विचार सुटता कामा नये. आतड्याचा क्षय नेमक्या त्याच जागी बसतो आणि दुर्बिणीतूनही क्रोन्ससारखाच दिसू शकतो. शिवाय इन्फ्लिक्झिमॅब, अॅडालिमुमॅब ही औषधं शरीरात दडलेला क्षय जागा करू शकतात, म्हणून त्याआधी छातीचा एक्स-रे आणि इग्रा (रक्ताची) किंवा मॅन्टू (त्वचेची) चाचणी हवीच. अॅझाथायोप्रिनआधी एनयूडीटी१५ या जनुकाची चाचणी विचारून घ्यावी. त्यातला बदल आपल्याकडे बऱ्याच जणांत आढळतो आणि असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी काही आठवड्यांत धोकादायक पातळीला उतरतात. मित्रांनी सुचवलेला काढा सुरू करण्यासाठी 'इंजेक्शन जरा थांबवून बघू' म्हणणं सर्वात महाग पडतं. साठ किलोच्या माणसाला इन्फ्लिक्झिमॅब ३०० मिलिग्रॅम, सुरुवातीला ०, २ आणि ६ आठवड्यांना, मग दर आठ आठवड्यांनी. मध्ये मोठा खंड पडला की शरीर औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. पुन्हा सुरू करताना अॅलर्जी होते, नाहीतर औषध लागूच पडत नाही.

तरीही एखादी वनस्पती घ्यायचीच असेल तर स्ट्रिक्चर, गळू, फिस्टुला नसल्याची खात्री करून, चालू औषध न सोडता, एका वेळी एकच सुरू करावी. आधी आणि आठ आठवड्यांनी कॅलप्रोटेक्टिन, सीआरपी (रक्तातली सुजेची खूण) आणि एसजीपीटी (यकृताची तपासणी) बघावं. बाटलीचा फोटो फाइलला लावावा आणि परळच्या केईएमला जा किंवा वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयात, दोन्हीकडे तीच फाइल न्यावी. पोट फुगून उलट्या सुरू झाल्या, वायू सरणं बंद झालं, किंवा थंडी वाजून ताप आणि गुदद्वाराशी ठणका लागला, तर तोंडाने काहीही न देता, पाण्याचा घोटही नाही, त्याच रात्री सर्जन असलेलं हॉस्पिटल गाठावं.