दुकान मला ओळखतं की माझ्यासारख्यांना?

एक ट्रॉली बॅग घेतली होती मी. एकच. दोन रात्री ऑनलाइन बघत बसलो, रंग बघितले, चाकं दोन बरी की चार यावर उगाच कायकाय वाचलं, आणि शेवटी दुकानात जाऊन, हँडल ओढून बघून, कॅश देऊन घेऊन आलो. पुढचे जवळजवळ दोन महिने मी ऑनलाइन जाईन तिथे बॅगांच्या जाहिराती माझ्या मागे. बातमी वाचतोय, शेजारी बॅग. हवामान बघतोय, खाली बॅग, तीही मी घेतलेलीच, त्याच रंगाची. कालच बॅग घेऊन गेलेल्या माणसाला पुन्हा बॅग दाखवणारा सेल्समन दुकानात आठवडाभर तरी टिकेल का? आणि याला म्हणे पर्सनलायझेशन म्हणतात, म्हणजे ज्याला त्याला त्याच्यापुरतं दाखवणं.

मग जरा खोलात वाचायला लागलो. यात दोन भानगडी आहेत. पहिली साधी, मी बघितलं एकीकडे आणि घेतलं दुसरीकडे, तेही कॅशने, त्यामुळे बघणारा मी आणि घेणारा मी एकच हे कुणालाच कळलं नाही. दुसरी जास्त मजेशीर आहे. समजा त्यांना कळलं असतं तरी गणित कदाचित हेच सांगेल की याला बॅग दाखवा, कारण नुकतीच बॅग घेतलेल्यांपैकी काही जण ती परत करून दुसरी घेतात, काहींना घरात अजून एक लागते, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही माणसापेक्षा हा बॅग घेण्याची शक्यता तरीही जास्तच निघू शकते. शक्यता एवढुशी, पण जाहिरात दाखवायचा खर्च त्याहून एवढुसा. म्हणजे सरासरीत बरोबर, माझ्या बाबतीत हास्यास्पद. या सगळ्या विषयाची गोम मला तरी इथेच वाटते: सिस्टीम मला ओळखत नाही, माझ्यासारख्या लोकांच्या गठ्ठ्याला ओळखते.

थोडं मागून सांगतो. वेब मुळातच विसराळू. तुम्ही पान मागता, सर्व्हर पाठवतो, विषय संपला, पुढचं पान मागणारे तुम्हीच की भलतंच कोणी हे त्याला आपणहून कळत नाही. आता अशा जागी दुकान कसं मांडायचं, एक वस्तू कार्टमध्ये टाकून दुसरी बघायला गेलात की पहिलीचा पत्ता नाही! १९९४ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मोंटुली नावाच्या इंजिनिअरने तोड काढली, की ब्राउझरकडे एक छोटी चिठ्ठी ठेवायला द्यायची आणि पुढच्या वेळी त्याने ती दाखवायची. तीच कुकी. आज आपला माग काढते म्हणून जिच्या नावाने सगळे बोटं मोडतात ती शॉपिंग कार्टच्या अडचणीतून जन्मली.

प्रत्यक्ष दुकानात गाडी उलटी अडकली होती. माणूस समोर उभा, पण दुकान मोठं झालं, काउंटर वीस झाले, मग त्याला ओळखणार कोण? बारकोड आला (पहिला स्कॅन २६ जून १९७४, अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी) तेव्हापासून काय विकलं गेलं ते नगानगाने कळायला लागलं, कोणी घेतलं ते मात्र बिलावर नसायचं. ही फट बुजवली लॉयल्टी कार्डाने, म्हणजे दर खरेदीला दाखवून पॉइंट मिळवायच्या कार्डाने. ब्रिटनमधल्या टेस्को या सुपरमार्केट साखळीने १९९५ मध्ये क्लबकार्ड नावाचं असं कार्ड काढलं, त्याच्या डेटाचं विश्लेषण करत होती एडविना डन आणि क्लाइव्ह हंबी या नवराबायकोची छोटीशी कंपनी. चाचणीचे निकाल बघून टेस्कोचे तेव्हाचे चेअरमन इयन मॅक्लॉरिन जे म्हणाले त्याचा आशय असा, की माझ्या गिऱ्हाइकांबद्दल मला तीस वर्षांत कळलं नाही तेवढं तुम्हाला तीन महिन्यांत कळलंय, आणि मला याचीच भीती वाटते. तेव्हा पॉइंट फुकट मिळतात असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा थांबावं, ते आपल्या बिलावर आपलं नाव लिहू दिल्याचे पैसे असतात.

बरं, कळलं म्हणजे काय कळलं?

समजा हजार बिलं आहेत. १०० बिलांत ड्रॉइंगची वही आहे, ५० बिलांत रंगीत पेन्सिली. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नसता तर त्या एकत्र साधारण ५ बिलांत सापडल्या असत्या. मोजल्या तर निघाल्या ३०. योगायोगाच्या सहापट. आता कॅरीबॅग घ्या. ती हजारातल्या ९०० बिलांत आहे आणि वहीच्या १०० बिलांपैकी ९० मध्ये आहे. आकडा तीसच्या तिप्पट दिसतो म्हणून कोणी म्हणेल वहीवाल्याला कॅरीबॅग सुचवा, पण अपेक्षाच नव्वदची होती, म्हणजे कॅरीबॅग सगळ्यांच्याच बिलात असते, वहीबद्दल ती काहीच सांगत नाही. प्रत्यक्षातला आकडा भागिले अपेक्षित आकडा, याला लिफ्ट म्हणतात. पेन्सिलीची लिफ्ट ६, कॅरीबॅगची १. जे खूप खपतं ते सगळ्यांच्या शेजारी दिसतं, हा मोह टाळणं म्हणजे या धंद्यातलं अर्धं काम.

हेच ॲमेझॉनने मोठ्या प्रमाणावर केलं. ग्रेग लिंडेन, ब्रेंट स्मिथ आणि जेरेमी यॉर्क यांनी २००३ साली त्यावर पेपर लिहिला, तेव्हा ॲमेझॉनचे ग्राहक होते २.९ कोटींहून जास्त. आपल्याला पटकन सुचेल तो उपाय असा की तुमच्यासारखी आवडनिवड असलेला दुसरा ग्राहक शोधा आणि त्याने घेतलेलं तुम्हाला दाखवा, पण कोट्यवधी लोकांत प्रत्येकाचा जुळा शोधायचा आणि तोही पान उघडेपर्यंतच्या वेळात, हे जमणारं नव्हतं. त्यांनी प्रश्नच फिरवला. माणसांची तुलना सोडा, वस्तूंची करा. कुठली वस्तू कुठल्या वस्तूबरोबर जाते याचा तक्ता आधीच सवडीने करून ठेवायचा, तुम्ही आलात की तुमच्या वस्तू त्या तक्त्यात बघायच्या, बस. म्हणजे 'खास तुमच्यासाठी' असं लिहिलेली ओळ असते ना, ती खरं तर तुमच्या जुन्या वस्तूंच्या शेजाऱ्यांची यादी असते. म्हणून एकदा कुणाच्या बाळाला खेळणं भेट दिलं की पुढचे सहा महिने आपण आईबाप ठरतो.

आणि माहिती भरपूर असते हाही एक गैरसमज. २००६ मध्ये नेटफ्लिक्सने, कुणाला कुठला सिनेमा आवडेल याचा अंदाज आमच्यापेक्षा बरा करून दाखवा म्हणून, दहा लाख डॉलरचं बक्षीस लावून जो डेटा खुला केला होता त्यात ४,८०,१८९ ग्राहक, १७,७७० सिनेमे आणि सुमारे १० कोटी रेटिंग. ऐकायला प्रचंड वाटतं, पण ग्राहक गुणिले सिनेमे केलं तर साडेआठशे कोटी चौकोन होतात, त्यातले जवळजवळ ९९ टक्के रिकामे. सगळा खेळ त्या रिकाम्या चौकोनांत काय असेल याच्या अंदाजाचा. नवीन आलेल्या गिऱ्हाइकाचं तर सगळंच कोरं, त्याला कोल्ड स्टार्ट म्हणतात, आणि तिथे भल्याभल्या सिस्टीम 'सध्या सगळे हे घेतायत' एवढंच दाखवून वेळ मारून नेतात.

दुकानातल्या माणसाचा वरचष्मा इथे दिसतो. तो विचारतो, "स्वतःसाठी बघताय की कुणाला द्यायचंय?" एक प्रश्न, आणि मशीन ज्या खेळण्यावरून सहा महिने चुकत राहिलं ते चार सेकंदांत मिटलं. चांगले सेल्समन पूर्वी वहीत लिहून ठेवायचे कुणाला कुठला साइज, कुणाला कुठला रंग चालत नाही, आता ती वही टॅबवर आली आणि त्यात ऑनलाइन काय बघितलं तेही दिसतं. टॅबवर दिसणं ठीक आहे, पण तो जर उठून म्हणाला "काल रात्री साडेअकराला तुम्ही हाच बूट तीनदा बघितलात ना" तर मी दुकानाबाहेर!

माहिती असणं आणि माहिती आहे हे दाखवणं, या दोन वेगळ्या गोष्टी. चार्ल्स डुहिग या पत्रकाराने २०१२ मध्ये टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीबद्दल लिहिलं होतं. तिथल्या अँड्र्यू पोल या स्टॅटिस्टिशियनने साधारण २५ वस्तूंच्या खरेदीवरून, बिनवासाचं लोशन, कॅल्शियम-झिंकच्या गोळ्या वगैरे, बाई गरोदर असावी का याचा अंदाज बांधायचं मॉडेल केलं होतं. मुलगी गरोदर आहे हे बापाच्या आधी दुकानाला कळलं आणि बाप भडकला ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, ती कितपत खरी यावर बऱ्याच जणांनी शंका घेतलीये. मला त्या लेखातला दुसराच तपशील जास्त बोलका वाटतो: बायकांना हे खुपतंय हे लक्षात आल्यावर कंपनीने डायपरच्या कूपनाशेजारी मुद्दाम गवत कापायच्या मशीनची जाहिरात टाकायला सुरुवात केली. म्हणजे सगळं सहज आल्यासारखं वाटावं. एवढी मेहनत घेऊन अंदाज बांधायचा आणि मग तो अंदाज नाहीच असं भासवायला वेगळी मेहनत, याला नातं म्हणायचं का मला माहीत नाही, लपाछपी जास्त वाटते.

भावाच्या बाबतीत तर ही लपाछपीही खपत नाही. २००० साली ॲमेझॉनवर एकच डीव्हीडी वेगवेगळ्या लोकांना वेगळ्या किमतीला दिसत असल्याचं गिऱ्हाइकांच्या लक्षात आलं, केवढा गदारोळ झाला. कंपनीने सांगितलं की किमती रँडम टेस्टचा भाग होत्या, माणूस बघून ठरवल्या नव्हत्या, आणि जास्त भरलेल्यांना फरक परत दिला. वस्तू वेगळी दाखवली तर लोक खूश, भाव वेगळा दाखवला तर फसवणूक, आणि मला यात काहीही विसंगती वाटत नाही.

कार्डांवरच्या शिक्क्यांचा एक प्रयोग सांगायचा राहिला. जोसेफ न्यून्स आणि झेव्हिए ड्रेझ यांनी २००६ मध्ये छापला, कार धुण्याच्या सेंटरवरचा. अर्ध्यांना ८ शिक्क्यांचं कोरं कार्ड, अर्ध्यांना १० शिक्क्यांचं पण त्यातले २ आधीच मारलेले. दर वेळी एक शिक्का, कार्ड भरलं की एक वॉश फुकट, म्हणजे दोघांनाही आठच वेळा यायचंय. पहिल्यातल्या १९ टक्क्यांनी कार्ड पूर्ण केलं, दुसऱ्यातल्या ३४. यात गिऱ्हाइकाबद्दल एक अक्षरही माहिती लागली नाही हे विशेष!

शेवटचा प्रश्न उरतो की हे सगळं चालतंय हे ठरवायचं कसं. ऑफर पाठवलेल्यांपैकी इतक्यांनी खरेदी केली हा आकडा निरुपयोगी, कारण त्यातले कित्येक तसेही घेणारच होते. म्हणून शहाणी दुकानं काही गिऱ्हाइकांना मुद्दाम, चिठ्ठ्या टाकून, काहीच पाठवत नाहीत आणि दोन गटांतला फरक मोजतात. या फरकाला अपलिफ्ट म्हणतात आणि त्यावरून गिऱ्हाइकांचे चार प्रकार पडतात: काहीही न करता घेणारे, काहीही करा न घेणारे, थोडं सांगितलं की घेणारे, आणि चौथे, ज्यांना स्लीपिंग डॉग्ज म्हणतात, जे शांत असतात तोवर तुमचे असतात आणि मेसेज पाठवलात की वैतागून सबस्क्रिप्शनच बंद करून जातात. या चौथ्यांना ओळखून त्यांच्या वाट्याला न जाणं, हा पर्सनलायझेशनचा सगळ्यात स्वस्त प्रकार आहे.

मी बहुतेक चौथ्यातला. कालच परत बॅगेची जाहिरात दिसली, या वेळी निळी.