७.८ सीजीपीए म्हणजे ७८ टक्के नव्हेत

टक्के कसे काढायचे ते शाळेतल्या पोरालाही येतं, त्यात वेळ घालवत नाही. घोळ आहे तो सीजीपीएचा, म्हणजे ग्रेडला मिळणाऱ्या पॉइंटांच्या दहापैकी सरासरीचा. विद्यापीठाचे निकाल लागले की पोरं मार्कशीटवरचा ७.८ उचलतात, दहाने गुणतात आणि फॉर्मवर ७८ टक्के ठोकून देतात. त्यातली जाणकार म्हणवणारी ९.५ ने गुणतात, आणि त्यांचाच मला जास्त राग येतो. हा ९.५ मुळात सीबीएसईचा, तोही दहावीपुरता. त्या बोर्डाने दहावीला ग्रेड दिल्या तेव्हाची ती सोय. तुमच्या विद्यापीठाने स्वतःच तो आकडा दिला नसेल, तर पदवीशी त्याचा सुतराम संबंध नाही.

एसजीपीए म्हणजे अशीच सरासरी, पण एका सेमिस्टरची; सीजीपीए आतापर्यंतच्या सगळ्या सेमिस्टरची. एवढंच. मात्र सगळे एसजीपीए मिळवून सेमिस्टरच्या संख्येने भागू नका. प्रत्येकाला त्या सेमिस्टरच्या क्रेडिटने, म्हणजे विषयांना ठरवून दिलेल्या वजनाने, गुणून मग एकूण क्रेडिटने भागायचं असतं.

आता मुख्य गोष्ट. टक्क्यांत प्रत्येक गुण मोजला जातो, ग्रेडमध्ये फक्त तुम्ही कोणत्या पट्ट्यात बसलात तेवढंच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दहा पॉइंटांच्या पद्धतीत ‘ओ’ला १०, ‘ए प्लस’ला ९, ‘ए’ला ८, असं खाली उतरत ‘पी’ला ४ आणि नापासाला शून्य. किती गुणांना कोणती ग्रेड, हे विद्यापीठ ठरवतं. समजा एका ठिकाणी ६० ते ६९ला ७ पॉइंट आणि ७० ते ७९ला ८ पॉइंट आहेत. पेपर पाच, सगळे सारख्याच क्रेडिटचे.

पहिल्या मुलीला पाचही पेपरांत बरोब्बर ७०. टक्के ७०, जीपीए (पॉइंटांची सरासरी) ८.

दुसरीला चार पेपरांत ७९ आणि एकात ६९. टक्के ७७. जीपीए? चार आठे बत्तीस आणि सात, एकोणचाळीस भागिले पाच: ७.८.

सात टक्के जास्त मिळवणारी मुलगी जीपीएत मागे! आता दोघींना दहाने गुणा. पहिलीला दहा टक्के फुकट मिळाले, दुसरीला जेमतेम एक. पट्ट्यात शिरताना जे गुण गळाले ते कोणत्याही गुणाकाराने परत येत नाहीत. सूत्र हे सोयीसाठी केलेली तडजोड असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

नापासाचंही तसंच. पासिंग ४० असताना ३९ला अडकलात, तर टक्क्यांत ते ३९ गुण बेरजेत राहतात. जीपीएत शून्य पडतं आणि त्या विषयाची क्रेडिटं मात्र भाजकात बसलेली असतात. चार विषयांत ८ पॉइंट आणि पाचव्यात हे शून्य, की झाला ६.४. म्हणून एटीकेटी लागलेल्या (विषय राहूनही पुढच्या वर्गात गेलेल्या) सेमिस्टरचा आकडा बघून घरात रडारड करू नये. विषय सुटला की तो नव्याने मोजला जातो.

मग ‘किमान ६० टक्के’ अशी अट असेल तर काय लिहायचं? आपल्या विद्यापीठाचं सूत्र. बहुतेकदा ते मार्कशीटच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं असतं, आणि मागची बाजू कोणी वाचत नाही. तिथे नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र घ्या. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या तक्त्यात ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७०. त्या हिशेबाने दहाने गुणणारा साडेसात टक्के वर चढवून बसतो, आणि कागदपत्रं तपासताना हे उघडं पडतं. माझ्या भाच्याचा फॉर्म असाच एका ठिकाणी अडकला, त्याने ६.४ला ६४ लिहिले होते, तक्त्याप्रमाणे तो साठलाही पोहोचत नव्हता.

परदेशी अर्ज करताना तर रूपांतर करूच नका. बहुतेक फॉर्म मूळ आकडा आणि ‘पैकी १०’ एवढंच मागतात, पुढचं गणित ते त्यांच्या पद्धतीने करतात.

आणि सीईटी या प्रवेश परीक्षेचे पर्सेंटाइल हे टक्केही नव्हेत, सीजीपीएही नव्हेत; शंभरातले किती परीक्षार्थी तुमच्या मागे, एवढंच ते सांगतात. ९० पर्सेंटाइलवाल्याला शंभरपैकी नव्वद गुण मिळाले असं पेढे वाटताना सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत एक तरी असतातच.