लिनिअर रिसिव्हर अ‍ॅम्प्लिफायर मागवण्याआधी : आमच्या ग्राहकांसाठी

फायबरमधून आलेला प्रकाश फोटोडायोडवर पडला की त्याचा करंट होतो, आणि तो फारच थोडा असतो. प्रकाश ०.१ मिलिवॉट आणि फोटोडायोड वॉटमागे ०.८ अँपिअर देणारा असेल, तर हाती येतात जेमतेम ८० मायक्रोअँपिअर. त्यातून पुढच्या चिपला वाचता येईल असं व्होल्टेज तयार करणं हे ट्रान्सइम्पीडन्स अ‍ॅम्प्लिफायरचं काम. आम्ही पुण्यात तेच डिझाइन करतो. पहिल्या भेटीत जे बोलणं होतं, ते इथे लिहिलं आहे.

पूर्वी सिग्नलला दोनच पातळ्या असत. अ‍ॅम्प्लिफायरने तो वरून-खालून छाटला तरी काही बिघडत नसे. आता एका लेनवरून, म्हणजे डेटाच्या एका वाटेवरून, सेकंदाला १०० गिगाबिट न्यायला पॅम-फोर वापरतात : चार पातळ्या, एका सिम्बॉलमध्ये दोन बिट. त्यामुळे शेजारच्या दोन पातळ्यांतलं अंतर एक तृतीयांशावर येतं. इथे अ‍ॅम्प्लिफायर लिनिअर, म्हणजे लहान-मोठा सिग्नल सारख्याच पटीत वाढवणारा, लागतो. अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या सिग्नलला जरा जरी दाबायला लागला, की टोकाची पायरी आखूड होते, स्कोपवर पातळ्यांच्या मधे दिसणाऱ्या तीन मोकळ्या जागांपैकी, म्हणजे ‘डोळ्यां’पैकी, एक मिटू लागतो आणि चुका वाढतात. म्हणून डेटाशीट हातात आल्यावर गेनचा, म्हणजे सिग्नल किती वाढतो याचा, आकडा नंतर बघा. सर्वांत जास्त प्रकाशात तिन्ही डोळे सारख्या उंचीचे राहतात का, हे आधी विचारा. आम्हालाही विचारा.

खरी ओढाताण नॉइज (सिग्नलमध्ये मिसळणारी नकोशी खळबळ) आणि वीज यांच्यात आहे. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवर, १ किलोओहमचा रेझिस्टर असेल तर खोलीच्या तापमानाला त्याचा स्वतःचा नॉइज हर्ट्झच्या वर्गमुळामागे सुमारे ४ पिकोअँपिअर असतो. तोच २५० ओहम केला की ८. म्हणजे रेझिस्टर मोठा हवा. पण तो मोठा केला की फोटोडायोडच्या कपॅसिटन्समुळे बँडविड्थ, म्हणजे किती वेगवान सिग्नल हाताळता येतो ती मर्यादा, घसरते. ती परत मिळवायची तर आतली गेन स्टेज आणखी वेगवान करावी लागते, आणि वेग करंट खातो. म्हणून कमी विजेचा अ‍ॅम्प्लिफायर हवा असेल तर सुरुवात फोटोडायोडच्या निवडीपासून होते. आमच्याकडे येईपर्यंत निम्मा निर्णय होऊन गेलेला असतो.

बँडविड्थही गरजेपुरतीच मागा. ५३ गिगाबॉडला (सेकंदाला ५३ अब्ज सिम्बॉल) ५३ गिगाहर्ट्झ लागत नाहीत. निम्मा वेग २६.५ गिगाहर्ट्झ, त्याच्या आसपास नीट सपाट प्रतिसाद मिळाला तर उरलेलं पुढचा इक्वलायझर, म्हणजे प्रतिसादातली उणीव भरून काढणारं सर्किट, सावरतो. जास्तीच्या बँडविड्थबरोबर जास्तीचा नॉइज फुकट येतो. १०० गिगाबिटला २०० मिलिवॉट म्हणजे बिटमागे २ पिकोजूल. हा आकडा किरकोळ वाटतो, पण स्विचच्या प्रत्येक पोर्टात अशा अनेक लेन असतात आणि ती सगळी उष्णता पंख्यांनी बाहेर काढायची असते.

एक अनुभव सांगावासा वाटतो. आमच्या सुरुवातीच्या एका बोर्डावर फोटोडायोडपासून चिपपर्यंतची बाँड वायर, म्हणजे दोन्ही जोडणारी बारीक तार, जवळपास १ मिलिमीटर ठेवली होती. एवढ्या तारेचं इंडक्टन्स साधारण १ नॅनोहेन्री, म्हणजे २६ गिगाहर्ट्झला दीडशे ओहमांहून जास्त. प्रतिसादात भलामोठा उंचवटा आला. आम्ही आठवडाभर चिपच तपासत बसलो आणि दोष तारेत निघाला. तेव्हापासून पॅकेजचं रेखाचित्र हातात आल्याशिवाय आम्ही सर्किट काढायला घेत नाही.

येताना फोटोडायोडची पॅडसकट कपॅसिटन्स, सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त प्रकाश, मॉड्यूलचं कमाल तापमान आणि ते रेखाचित्र एवढं सोबत आणा. प्रकाशाचे आकडे पक्के नसतील तर अंदाज सांगा, पण तो अंदाज आहे हेही सांगा.