कलमाडी: कोणती केस मिटली?

एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने राष्ट्रकुल स्पर्धांच्या कथित घोटाळ्यात सुरेश कलमाडींविरुद्धचा ईडीचा क्लोजर रिपोर्ट, म्हणजे केस बंद करण्याचा अहवाल, स्वीकारला. मोदी आणि केजरीवाल यांनी माफी मागावी, अशी मागणी काँग्रेसने लगेच केली. पण मिटलं ते नेमकं कोणतं प्रकरण? त्यासाठी जरा मागे जावं लागतं.

सुरेश कलमाडी हवाई दलातले वैमानिक. नोकरी सोडल्यावर पुण्यात डेक्कनवर पूना कॉफी हाऊस चालवलं आणि तिथूनच युवक काँग्रेसमध्ये शिरले. १९८२ मध्ये राज्यसभा, नरसिंह रावांच्या काळात रेल्वे राज्यमंत्रिपद, १९९६ मध्ये पुण्याची खासदारकी. १९९८ ला अपक्ष उभे राहिले. भाजप-सेनेचा पाठिंबा असूनही विठ्ठल तुपेंनी पाडलं. २००४ आणि २००९ ला काँग्रेसकडून पुन्हा निवडून आले. पण त्यांची खरी पकड खेळात आणि सोहळ्यांत होती: १९८३ पासूनची पुणे मॅरेथॉन, १९८९ चा पुणे फेस्टिव्हल, १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभं राहिलेलं बालेवाडी. 'सबसे बडा खिलाडी, सुरेशभाई कलमाडी' ही घोषणा उगाच नव्हती. महापालिकेतली त्यांची सद्दी मोडायला २००७ मध्ये राष्ट्रवादीला थेट सेना-भाजपशी सूत जमवावं लागलं. तोच 'पुणे पॅटर्न'.

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या संयोजन समितीचे कलमाडी अध्यक्ष होते. या स्पर्धांवर कॅगने, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेने, नंतर १८,५३२ कोटींच्या खर्चाचा आकडा मांडला. हा सगळा पैसा कलमाडींच्या हातातून गेला नाही. स्टेडियम, उड्डाणपूल, रस्ते सरकारी खात्यांचे होते. लोकांच्या लक्षात मात्र चार हजारांचा टॉयलेट पेपर राहिला! सीबीआयने २५ एप्रिल २०११ ला त्यांना अटक केली ती स्विस टायमिंगला दिलेल्या वेळ-गुण-निकाल यंत्रणेच्या १४१ कोटींच्या कंत्राटावरून. दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात त्यांच्या दिशेने चप्पल भिरकावली गेली. पक्षानेही निलंबित केलं. तिहारमधून जामिनावर बाहेर यायला जानेवारी २०१२ उजाडला. २०१४ ला पुण्याची उमेदवारी विश्वजित कदमांकडे गेली आणि जागा भाजपच्या अनिल शिरोळेंकडे. २०१६ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने आजीव अध्यक्षपद देऊ केलं. गदारोळ उठला, तेव्हा त्यांनी ते नाकारलं.

२०२५ ला बंद झालेली ईडीची केस मनुष्यबळ आणि नियोजनाच्या दोन कंत्राटांची होती. सीबीआयनेही त्यात आधीच तपास आटोपता घेतला होता. तिहारची वारी घडवणारं स्विस टायमिंगचं प्रकरण यात नव्हतंच.