सेवामंडळ (ग्रामीण विदर्भ)

सेवामंडळ : गावातल्या लोकांनी स्वेच्छेने एकत्र येऊन, मानधन न घेता, प्रार्थना, स्वच्छता, श्रमदान, उत्सव आणि अडल्यानडल्याची मदत यांसाठी चालविलेली स्थानिक संघटना. विदर्भाच्या ग्रामीण भागात हा शब्द बहुधा राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९–११ ऑक्टोबर १९६८) यांच्या प्रेरणेने निघालेल्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या गावशाखेला उद्देशून वापरतात. ‘मंडळाचा माणूस’ म्हटले की भगव्या टोपीतला गुरुदेव सेवक डोळ्यांपुढे येतो. या नोंदीत मुख्यतः गावशाखेचा विचार केला आहे; तालुक्याच्या ठिकाणच्या रोटरी, लायन्स या क्लबांचा उल्लेख ओघाने येईल.

नाव : मंडळ हा शब्द जुनाच. भजनी मंडळ खेड्याला नवे नव्हते. त्याला ‘सेवा’ हे पद जोडण्याची प्रथा मात्र विसाव्या शतकातली दिसते. गोपाळ कृष्ण गोखले यांचा भारत सेवक समाज (१९०५), ना. सु. हर्डीकरांचे हिंदुस्थानी सेवा दल (१९२३) आणि वर्ध्याला विनोबांच्या प्रेरणेने निघालेले ग्रामसेवा मंडळ (१९३४) ही नावे पाहिली, तर मोझरीला (जि. अमरावती) मंडळाचे नाव ठरले तेव्हा हा शब्द वऱ्हाड–मध्य प्रांतात रुळलेला होता, हे लक्षात येते. ‘गुरुदेव’ म्हणजे कोणी एक व्यक्ती नसून तत्त्व आहे, असा खुलासा मंडळाचे जुने सेवक आवर्जून करतात. बाहेरच्यांचा इथे हमखास घोटाळा होतो आणि गुरुदेव म्हणजे खुद्द तुकडोजी महाराज, असे ते धरून चालतात.

उगम : सेवामंडळाच्या उगमाविषयी एकमत नाही. वाद दोन आहेत : एक तारखेचा, दुसरा परंपरेचा.

तारखेचा वाद तुलनेने सोपा. अमरावती जिल्ह्यातील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना १९३५ मध्ये झाली आणि काही लेखक मंडळाचा आरंभही तिथूनच मोजतात. दुसऱ्या बाजूला, संघटना म्हणून मंडळाचे आजचे रूप १९४३ च्या सुमारास घडले, असे सामान्यतः मानतात. आश्रम ही जागा आणि मंडळ ही संघटना, एवढा भेद ठेवला की दोन्ही सने आपापल्या जागी बसतात. गावशाखांचे वय ठरवणे याहून अवघड जाते. महाराज ज्या वर्षी गावात आले आणि पारावर खंजिरी वाजली तेच शाखेचे स्थापनावर्ष, असा हिशेब सांगणारे वडीलधारे भेटतात. कागदोपत्री नोंद पुढे केव्हातरी होते. त्यामुळे शाखेच्या फलकावरचे सन जपूनच वापरावे.

परंपरेच्या वादात तीन मते आढळतात. पहिल्या मतानुसार सेवामंडळ ही भजनी मंडळाचीच पुढची पायरी होय. माणिक बंडोजी हे मूळ नाव असलेले तुकडोजी यावलीचे, त्यांचे गुरू आडकोजी महाराज वरखेडचे. दोन्ही गावे अमरावती जिल्ह्यातली. खंजिरीवरच्या भजनाने आधी माणसे जमली, कामे मागाहून सुचली, असे हे मत सांगते. याच जिल्ह्यात शेंडगावला जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) दिवसा खराट्याने गाव झाडून रात्री कीर्तन करीत. झाडू आणि भजन यांची सांगड त्यामुळे इथल्या माणसाला परकी वाटली नसणार.

दुसरे मत मंडळाची मुळे गांधीजींच्या विधायक कार्यक्रमात शोधते. १९३६ मध्ये तुकडोजी महाराज सुमारे महिनाभर गांधीजींच्या सहवासात राहिले, हा त्याचा मुख्य आधार. हा मुक्काम ‘सेवाग्रामला’ झाला असे सर्रास लिहिले जाते. गाव तेच, परंतु गांधीजी ३० एप्रिल १९३६ रोजी तिथे गेले तेव्हा त्याचे नाव सेगाव होते. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोळ होऊ लागला म्हणून १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. मुद्दा नावापुरता किरकोळ असला, तरी सनांचा क्रम महत्त्वाचा आहे. गुरुकुंज १९३५ चा आणि हा सहवास १९३६ चा. तेव्हा स्थापनेचे श्रेय या सहवासाला देता येत नाही. प्रार्थनेची ठरलेली वेळ, रांगेत बसण्याची शिस्त, शेवटचे मौन यांवर मात्र सेवाग्रामची छाप असणे शक्य आहे.

तिसरे मत १९४२ ला निर्णायक मानते. त्या ऑगस्टमध्ये चिमूर, आष्टी, यावली या गावांत उठाव झाले. महाराजांना अटक होऊन नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवले गेले. सुटकेनंतर विखुरलेल्या भजनी मंडळींना नियमित संघटनेचे रूप देण्याची गरज भासली, असे हे मत मांडते. १९४३ या सनाशी ते चांगले जुळते. तिन्हींत पहिले मत गावपातळीवर अधिक पटते. दुसरे आणि तिसरे मोझरीच्या केंद्राच्या इतिहासाला अधिक लागू पडतात.

मंडळाची सामुदायिक प्रार्थना महाराजांनीच रचलेली असून ती हिंदीत आहे, याचा उलगडा अनेकांना होत नाही. घरी वऱ्हाडी किंवा झाडी बोली बोलणारी माणसे सायंकाळी हिंदी प्रार्थना म्हणतात. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी मध्य प्रदेशात (आधीच्या मध्य प्रांत व वऱ्हाडात) होता, हे ध्यानात घेतले की त्यात नवल उरत नाही. उपदेशाचा मुख्य ग्रंथ मात्र मराठी ओवीबद्ध ‘ग्रामगीता’ हा आहे. १९५५ च्या या ग्रंथात ४१ अध्याय व ४,६७५ ओव्या आहेत. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, अंत्यसंस्कार असे त्याचे विषय पाहिले, तर शाखेच्या कामांची यादी वेगळी देण्याचे फारसे कारण राहत नाही.

प्रार्थना आणि सूचना : शाखेचा कणा म्हणजे सायंप्रार्थना. दिवेलागणीला कापूस वेचून बाया परतलेल्या असतात, ढोरे गोठ्यात बांधून झालेली असतात. मंदिराच्या ओट्यावर किंवा समाजभवनात कोणीतरी सतरंजी अंथरतो. समोर अधिष्ठान मांडतात : एक आसन, त्यावर स्वच्छ कापड, मागे लोड, पुढे समई आणि उदबत्ती. आसन रिकामे ठेवण्यामागे मूर्तिपूजा टाळण्याचा हेतू आहे. तरी गावोगावी शेजारी महाराजांचा फोटो येऊन बसतोच, आणि त्याला हार चढतो. पुरुष एका बाजूला, स्त्रिया दुसऱ्या बाजूला. प्रार्थना, मग भजन, मग मौन.

मौन सुटल्यावर सूचना होतात. संदर्भग्रंथांत या सूचनांना जागा मिळालेली नाही, प्रार्थनेच्या अर्थावर मात्र पाने खर्ची पडली आहेत. वास्तविक सेवेचे काम इथूनच निघते. “उद्या सकायी सा वाजता पांदनीवर या, फावडं ज्याचं त्यानं आनावं,” अशा थाटाची ती सूचना असते. कोणाच्या घरी मयत झाली, कोणाची म्हातारी दवाखान्यात आहे, कोणाच्या कुटाराच्या ढिगाला आग लागली, हे सतरंजीवर बसलेल्या पंचवीस-तीस माणसांना एकाच वेळी कळते. ज्या गावात रोजची प्रार्थना बंद पडून फक्त वार्षिक उत्सव उरला, तिथे मंडळ असते, काम नसते.

कामे : वर्षातली दोन मोठी निमित्ते ठरलेली. ३० एप्रिलची जयंती ‘ग्रामजयंती’ म्हणून साजरी होते. पुण्यतिथी तिथीने, आश्विन वद्य पंचमीच्या सुमारास होते. मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली वाहतात. गावशाखांचे कार्यक्रम पुढे सवडीने चालू राहतात. सोयाबीन घरात आल्यावर वर्गणी जमते, हे त्यामागचे साधे कारण. चंद्रपूर–गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत याच कार्यक्रमाला ‘सर्वसंत स्मृती मानवता दिन’ असेही नाव आहे. पहाटे रामधून निघते. त्याआधी गल्ल्या झाडून सडा-रांगोळी झालेली असते. टोप्या घातलेली माणसे दोन रांगांत भजन म्हणत गावाला फेरी घालतात. दुपारी काल्याचे कीर्तन आणि मग पंगत : पोळी, वरण-भात, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. भाजी कापायला आदल्या रात्री अर्धे गाव बसते.

श्रमदानात पांदण रस्ता मोकळा करणे, नाल्यावर बांध घालणे, स्मशानभूमीची साफसफाई ही नेहमीची कामे. उन्हाळ्यात मुलांची सुसंस्कार शिबिरे भरतात. मयतीच्या वेळी सेवक भजन म्हणत अंत्ययात्रेसोबत जातात आणि अंत्यविधी थोडक्यात, कर्जाशिवाय उरकावा असा आग्रह धरतात. लग्न साधेपणाने लावण्याचा आग्रहही आहे. तो तेवढा पाळला जात नाही. अनेक शाखा मोठी भांडी व सतरंज्या बाळगून लग्नकार्याला देतात. गंज, पराती, झारे यांवर मंडळाचे नाव ठोकून कोरलेले असते, आणि झारा परत आला नाही की सूचनांच्या वेळी त्याचाही उल्लेख होतो.

दारूबंदी हा विषय वेगळा. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. या आंदोलनांत पुढाकार प्रामुख्याने स्त्रियांच्या संघटनांचा होता, गुरुदेव सेवकांनी त्यांना साथ दिली, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

प्रसार : अमरावती, वर्धा, नागपूर, यवतमाळ या जिल्ह्यांबरोबरच चंद्रपूर–गडचिरोलीच्या झाडीपट्टीत शाखांचे जाळे दाट आहे. चिमूर तालुक्यातील गोंदोडा ही महाराजांची तपोभूमी मानतात. चंद्रपूर जिल्ह्यातच अड्याळ टेकडी हे गीताचार्य तुकारामदादांनी उभारलेले केंद्र आहे. मोझरीइतके उत्सवी नसले तरी ग्रामगीतेच्या प्रत्यक्ष आचरणावर तिथे अधिक भर राहिला.

तालुक्याचे क्लब : रोटरी (शिकागो, १९०५) आणि लायन्स (शिकागो, १९१७) यांचे क्लब विदर्भात जिल्हा व तालुक्याच्या गावी आढळतात. डॉक्टर, वकील, अडते, जिनिंगवाले, प्राध्यापक हा त्यांचा सभासदवर्ग. त्यांचे वर्ष १ जुलैला सुरू होते आणि अध्यक्ष दर वर्षी बदलतो. गावच्या मंडळाचा अध्यक्ष वीस वर्षे तोच असू शकतो. क्लबाकडे पैसा व ओळखी असतात, मंडळाकडे माणसे. मोतीबिंदू शिबिरात हे चांगले दिसते. बॅनर व फराळ क्लबाचा. पण डोळ्याला चिरा लावायचा म्हटल्यावर धास्तावलेल्या आजीला समजावून गाडीत बसवणारा आणि आठ दिवस तिच्या डोळ्यात थेंब टाकले जातात की नाही हे पाहणारा गावचाच कोणी असावा लागतो.

अलीकडील स्थिती : तरुण वर्ग गणेश व दुर्गा मंडळांकडे अधिक वळला आहे. प्रार्थनेला स्त्रियांची उपस्थिती टिकून आहे आणि महिला शाखा स्वतंत्रपणे चालतात. २०१६ मध्ये पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा राज्यातील तीन तालुक्यांत सुरू झाली, त्यांत विदर्भातून वरुड तालुका होता. पांदणीचे श्रमदान ठाऊक असलेल्या गावांना फावडे-टोपलीची नवलाई नव्हती. नवे होते ते सकाळच्या कामाचे घनमीटर मोजून वहीत लिहिणे.