महाविद्यालयीन ग्रंथपाल

महाविद्यालय किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयाचे प्रमुख, आणि तेथील विद्यार्थी, अध्यापक व संशोधक यांना हवे ते वाचनसाहित्य मिळवून देणारे व्यावसायिक. महाराष्ट्रातील गावोगावची सार्वजनिक ग्रंथालये १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली येतात; महाविद्यालयीन ग्रंथालयाचा कारभार मात्र विद्यापीठ व विद्यापीठ अनुदान आयोग यांच्या नियमांनी चालतो. त्याचा वाचकही दर काही वर्षांनी बदलतो. पदवीला आलेला विद्यार्थी तीन-चार वर्षांत निघून जातो आणि पुस्तक कसे शोधायचे हे नव्या मुलांना पुन्हा शिकवावे लागते.

महाविद्यालयात या पदासाठी ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांनी आणि सहसा नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्यस्तरीय) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असणे लागते. महाराष्ट्र व गोव्यासाठी सेट परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते.

भारतात ग्रंथपालनाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि पुढच्याच वर्षी तेथे प्रशिक्षणवर्ग भरला. विद्यापीठीय ग्रंथपालाच्या कामाला शास्त्राचे रूप दिले ते शि. रा. रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाल्यावर त्या शांत खोलीत त्यांचा जीव रमेना. पुन्हा शिकवायला घ्या, असे सांगायला ते आपल्या जुन्या महाविद्यालयात गेलेही होते. मात्र त्यांना आधी इंग्लंडला जाऊन ही विद्या शिकून येण्याचा सल्ला मिळाला. तेथील गजबजलेली ग्रंथालये पाहून आलेल्या रंगनाथन यांनी मद्रासचे ग्रंथालय वाचकांना मोकळे केले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेल्या पाच सूत्रांतले पहिले ‘ग्रंथ उपयोगासाठी आहेत’ आणि चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’. १२ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस देशभर ग्रंथपाल दिन म्हणून पाळतात.

ग्रंथपालाच्या कामाला वर्षाची एक लय असते. जून-जुलैत प्रवेश झाले की ओळखपत्रे, बुक बँकेचे (वर्षभरासाठी द्यायच्या पाठ्यपुस्तकांचे) संच आणि नव्या विद्यार्थ्यांची ग्रंथालयओळख. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाचे प्रदर्शन. परीक्षा जवळ आल्या की जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी रांग लागते आणि वाचनकक्षात जागा पुरत नाही. तेथे स्पर्धा परीक्षांची मुले आधीपासूनच बसलेली असतात. मार्चअखेर अनुदान संपवायची घाई, म्हणजे दरपत्रके, ग्रंथालय समितीची मंजुरी आणि बिलांचा ढीग. उन्हाळी सुटीत पुस्तकांची पडताळणी. त्यातच उच्चशिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असेल, तर अध्ययन-संसाधनांच्या निकषाखाली ग्रंथालयाच्या वापराची वर्षावर्षांची आकडेवारी पुराव्यासह जुळवावी लागते.

वाचकाला देवघेवीचे टेबल दिसते, पण खरे काम त्याच्या मागे चाललेले असते. आलेल्या पार्सलातले एक पुस्तक घेऊ. ते बिलाशी ताडून पाहायचे, पाने उलटीसुलटी बांधलेली नाहीत ना ते बघायचे, मग दाखल नोंदवहीत त्याला क्रमांक द्यायचा. शिक्का शीर्षकपानावर पडतो, आणि शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही. ते पान प्रत्येक ग्रंथालयाचे वेगळे. शीर्षकपान फाडून नेलेले पुस्तकही त्यावरून ओळखू येते. त्यानंतर वर्गांक, म्हणजे विषयानुसार पुस्तकाची जागा ठरवणारा क्रमांक. ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ खाली जाते, हे सोपे. पण शेतकरी आत्महत्यांवरचे पुस्तक अर्थशास्त्रात ठेवायचे, समाजशास्त्रात की शेतीत, हे ठरवायला ते चाळावेच लागते. चुकीच्या कपाटात गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा. शेवटी सोल किंवा कोहा या संगणकप्रणालीत नोंद, बारकोड, कण्यावरची चिठ्ठी आणि तारखांचा कागद. इतके झाल्यावर पुस्तक फळीवर जाते.

या पदातला खरा पेच जबाबदारीचा आहे. पुस्तके वापरली जावीत हे ग्रंथपालाचे काम, आणि हरवली तर जाब द्यायचाही ग्रंथपालानेच. पुस्तकाची किंमत आपल्या पगारातून वसूल होईल या धास्तीने कितीतरी ठिकाणी कपाटांना कुलपे राहिली आणि वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक निवडण्याची मुक्तद्वार पद्धत कागदावरच राहिली. वास्तविक केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत वर्षभरात वापरल्या गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ होणे रास्त मानले आहे. अट एवढीच की त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसावा. हजार रुपयांवरच्या आणि दुर्मिळ पुस्तकांची चौकशी मात्र व्हावी लागते. हा नियम केंद्राचा असला तरी त्यामागचा विचार प्रत्येक संस्थेने स्वीकारण्याजोगा आहे. एकही पुस्तक न हरवणारे ग्रंथालय बहुधा कोणी वापरतच नसते.

संदर्भसेवा हा या कामाचा सर्वांत कसबाचा भाग. विद्यार्थी येऊन ‘सर, पर्यावरणाचं पुस्तक द्या’ एवढेच म्हणतो. कोणत्या वर्गाला आहेस, प्रकल्प आहे का, कशावर, असे विचारत गेले की कळते, त्याला गावच्या नदीत साखर कारखान्याची मळी सोडल्याने काय होते यावर वीस पाने लिहायची आहेत. त्याला पुस्तकापेक्षा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अहवाल, एखादा प्रबंध आणि जिल्हा गॅझेटिअर उपयोगी पडणार असते. ही पाच मिनिटांची विचारपूस कोणत्याही नोंदवहीत चढत नाही.

संगणक आल्याने काम कमी झाले नाही, पालटले. विद्यापीठीय ग्रंथालयांना जोडणारी इन्फ्लिबनेट ही यंत्रणा १९९१ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचा प्रकल्प म्हणून सुरू झाली आणि १९९६ मध्ये स्वायत्त केंद्र बनली. आज ती गांधीनगरला आहे. तिच्या शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध विनामूल्य वाचता येतात आणि २०१० पासून एन-लिस्ट या तिच्या योजनेमुळे तालुक्याच्या महाविद्यालयातही ई-नियतकालिके पोहोचली. संशोधन-नियतकालिके एकाच सदस्यत्वाखाली देशभरातल्या संस्थांना देणाऱ्या केंद्राच्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेला नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके असा तिचा आवाका आहे. पहिल्या टप्प्यात ती केंद्र व राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे. विद्यापीठांत प्रबंधांची साम्यतपासणीही, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना हे पाहणेही, बहुधा ग्रंथालयाकडेच असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, पण अहवालातले अवतरण कोणते आणि उचलेगिरी कोणती, हे संशोधकाशेजारी बसून समजावून सांगावे लागते.

अनेक विद्यापीठांनी ग्रंथालयाला आता ‘ज्ञानस्रोत केंद्र’ असे नाव दिले आहे. लहान महाविद्यालयांत मात्र ग्रंथपाल आणि एखाद-दुसरे परिचर एवढ्यांवरच सारा डोलारा असतो. पावसाळ्यात कपाटांमागची ओल, कसर आणि वाळवी यांच्यावरही त्यांनाच नजर ठेवावी लागते.