डिलीट

डिलीट (क्रियापद) : लिहिलेला, छापलेला किंवा साठवलेला मजकूर काढून टाकणे. मराठीत हा शब्द ‘करणे’, ‘होणे’ आणि बोलण्यात ‘मारणे’ यांच्या जोडीने येतो.

मूळ लॅटिन धातू ‘डेलेरे’ (नष्ट करणे, पुसून टाकणे). त्याचे धातुसाधित ‘डेलेटुस’. इंग्रजीत हे क्रियापद साधारणतः पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून ‘नाश करणे’ या अर्थी आढळते. अक्षरे खोडण्याचा अर्थ सुमारे १६०० पासूनचा मानतात. ‘डेलेरे’च्या उगमाबाबत एकमत नाही. जुने कोशकार तो ‘डे’ आणि ‘लिनेरे’ (माखणे) यांपासून आला असे धरतात : पाटीवरची अक्षरे सारवून सपाट करणे. हे मत मानल्यास संस्कृत ‘लिप्’ (मराठी लिंपणे, लेप) दूरचा सोयरा ठरू शकतो, पण ते नातेही निर्विवाद नाही. दुसऱ्या मतानुसार तो ‘अबोलेरे’ आणि ग्रीक ‘ओल्लुमि’ (नाश करणे) यांच्या कुळातला आहे. सारवण्याचे चित्र मोहक खरे. परंतु लॅटिनमध्ये हा धातू अक्षरांइतकाच शहरांना आणि सैन्यांनाही लागतो, हे पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. रोमचे शत्रुनगर कार्थेज नष्ट केलेच पाहिजे, या रोमन मुत्सद्दी केटोच्या नावावर चालणाऱ्या घोषवाक्यातील ‘डेलेंडा’ याच धातूचे रूप आहे (ते शहर इ.स.पू. १४६ मध्ये पडले). अपायकारक या अर्थाचा ‘डिलिटिरिअस’ मात्र ग्रीक मुळाचा. उच्चारसाम्याने फसू नये. मतदाराच्या बोटावरील शाईला लागणारे इंग्रजी विशेषण ‘इन्डेलिबल’ (न पुसले जाणारे) याच कुळातले. मुद्रितशोधनात वगळायच्या अक्षरासाठी पानाच्या समासात काढायची शेपटीदार ‘डेले’ ही खूण म्हणजे या धातूचे आज्ञार्थी रूप.

संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या ‘आस्की’ संकेतावलीत ‘डिलीट’चा क्रमांक १२७ आहे, म्हणजे सातही बिट (० किंवा १ असे द्विमान अंक) १. याचे कारण पूर्वी भोके पाडून मजकूर साठवण्याच्या कागदी फितीत सापडते; तिच्या एका ओळीतली भोके म्हणजे एक अक्षर, आणि भोक म्हणजे १. फितीला पडलेले भोक बुजवता येत नाही. म्हणून चूक झाली की फीत एक घर मागे घेऊन त्या ओळीतली सातही भोके पाडत, आणि वाचणारे यंत्र ती ओळ सोडून पुढे जाई. पुसणे म्हणजे इथे पूर्ण भरणे होते. आजही फाइल डिलीट केल्यावर सहसा तिची नोंद तेवढी जाते. चुंबकीय तबकडीवरचा मजकूर त्यावर नवे काही लिहिले जाईपर्यंत राहतो, म्हणून तो परत मिळवता येतो.

मराठीत पाटी पुसतात, वहीतले खोडतात, मतदारयादीतले नाव वगळतात, फोनमधले फोटो उडवतात. मोबाइलच्या मराठी पटलावर ‘हटवा’ दिसते, पण घरात कोणी ‘मेसेज हटवला’ म्हणत नाही. आनुवंशिकीत गुणसूत्राचा तुकडा गळण्याला ‘डिलीशन’ म्हणतात. पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेतील अशा लोपाने होणाऱ्या विकारात बाळाचे रडणे मांजरीसारखे ऐकू येते.